बांधावरचं सपार

माझ्या पीएच.डी.चा विषय 'सामूहिक हेतू' असा होता आणि त्यात सामूहिक काही असेल तर एवढंच, की माझ्यासकट घरातले सगळेच त्याला कंटाळले होते. मी कोल्हापुरात एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. वर्गात अकरा मुलं होती. त्यांतली सात फक्त स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही घ्यायला यायची. माझ्या गाईडनी सहा वर्षांपूर्वी मला एक प्रश्न दिला होता. संध्याकाळी रंकाळ्यावर दोनशे माणसं चालत असतात. ती नुसती शेजारी शेजारी चालतात. पण त्यांतलेच दोघं कधी मिळून चालत असतात. पाय तेच, रस्ता तोच, वेगही तोच. मग त्या 'मिळून'मध्ये जास्तीचं काय असतं?

मी हा प्रश्न बायकोला, शिवलीलाला, समजावून सांगितला. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपण रंकाळ्यावर जातो तवा तुम्ही चार पावलं पुढं असताय. ते कशात बसतं?"

ते तिसऱ्या प्रकरणात येईल, असं मी म्हणालो. तिसरं प्रकरण अजून व्हायचं होतं.

माझी सासुरवाडी कागलच्या पुढं, हायवे सोडून चार किलोमीटर आत आहे. कर्नाटक जवळ असल्यामुळं तिकडं आमच्या लिंगायत घरांत आईला अव्वा म्हणतात आणि थोरल्या भावाला अण्णा. सासूबाईंचं नाव दानम्मा, पण सगळं गाव त्यांना अव्वाच म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. त्यांना दोन मुलगे. थोरले चनबसाप्पा, ज्यांना आम्ही चन्नण्णा म्हणतो, आणि धाकटा महांतेश. सासरे गेले आणि वर्षाच्या आत विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कुणी जाळला यावरून हे दोघं भांडले. स्टार्टर साडेतीनशे रुपयांचा होता. त्यापायी साडेसात एकर जमिनीची वाटणी झाली आणि एकमेकांशी बोलणं बंद झालं. ही त्र्याण्णव सालची गोष्ट.

वाटणीला पंच म्हणून गणपतराव बसले होते. जुने पोलीस पाटील, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी जमिनीच्या मधोमध दीड फुटी बांध घातला, विहिरीचं पाणी दिवसाआड लावून दिलं, आंब्याच्या फांद्यासुद्धा मोजून दिल्या. अडलं ते आई, म्हैस आणि सपार या तीन गोष्टींवर.

सपार म्हणजे उसाच्या पाल्यानं शाकारलेलं गुरांचं छप्पर. हे चोवीस फूट लांब होतं. अर्ध्यात मोरी नावाची म्हैस असायची, अर्ध्यात अव्वांची बाज. सासरे असतानाही अव्वा तिथंच झोपायच्या. पंचांनी आई सहा-सहा महिने वाटून दिली. अव्वा म्हणाल्या, म्हैस जिथं तिथं मी. म्हणून म्हैसही सहा-सहा महिने झाली. राहिलं सपार. ते सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं, त्यामुळं भावाला द्यायला कुणी तयार नव्हतं. दुसरं बांधायलाही कुणी तयार नव्हतं, कारण दुसरं बांधलं म्हणजे पहिल्यावरचा हक्क सोडला असा अर्थ झाला असता. बैठकीचा तिसरा दिवस होता आणि गणपतराव वैतागले होते. ते म्हणाले, "मग दर सहा म्हयन्याला ते बी उचलून न्या की."

त्यांनी ते रागानं म्हटलं होतं. पण दोन्ही भाऊ एकाच वेळी 'चालंल' म्हणाले आणि ते स्टँपपेपरवर गेलं.

आता सपार उचलून नेणं हे त्या भागात नवं नाही. छप्पर मेढींवरून, म्हणजे खालच्या खांबांवरून, सोडवायचं, तीस-एक माणसांनी आत शिरायचं, वाशांना खांदे लावायचे आणि आख्खं छप्पर चालवत न्यायचं. पण हे कुणी दहा-पंधरा वर्षांतनं एकदा करतं. इथं ते वर्षातनं दोनदा व्हायला लागलं. दसऱ्याला सपार महांतेशकडून चन्नण्णांकडं जायचं आणि पाडव्याला परत महांतेशकडं यायचं. दोघांनी आपापल्या रानात आपापल्या आठ-आठ मेढी कायमच्या रोवून ठेवल्या होत्या. चन्नण्णांच्या मेढी सहा फुटी होत्या. ते कळल्यावर महांतेशनं सात फुटी रोवल्या.

गावाला हे सगळं फार आवडलं होतं. उचलायला येणाऱ्यांना हुग्गी मिळायची, म्हणजे गव्हाची खीर, वर तूप. माणसं आपल्या पावण्यारावळ्यांनाही त्या दिवशी बोलवायला लागली. दोन भावांच्या भांडणावर गावाची हुग्गी चालू होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं. पण जावयाला काय वाटतं, हे वाटणीपत्रात कुठं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या पाडव्याला आम्ही आदल्या दिवशीच गेलो. शिवलीला थोरल्या वहिनींबरोबर गहू सडायला बसली आणि अव्वांनी मला सपारात बोलावून चहा दिला. त्या बाजेवर बसल्या होत्या, मी पालथ्या घातलेल्या पाटीवर. मागं मोरी रवंथ करत होती.

"तुम्ही म्हणं, माणसं मिळून काम कशी करत्यात ह्येचं पुस्तक लिहिताय," अव्वा म्हणाल्या.

मी हो म्हणालो. सहा वर्षांत गाईड सोडून दुसऱ्या कुणी तो विषय आपण होऊन काढला नव्हता, त्यामुळं मला बरं वाटलं.

"मग मला सांगा. तीस माणसं सपार उचलत्यात. आतनं कुणाला काय दिसत न्हाय. पाला पार कमरंपतोर खाली येतोय. ते कुठं जायचं, ह्ये कोण ठरवतंय?"

मी पाटीवर सावरून बसलो. म्हणालो, "अव्वा, ते एकट्याच्या डोक्यात नसतं. 'आपण हे नेतोय' असा हेतू प्रत्येकाच्या मनात असतो आणि प्रत्येकाचा हेतू दुसऱ्याच्या हेतूत गुंतलेला असतो."

"म्हंजे बाहीर उभा राहून गणपतराव काय म्हणत्यात त्येवर."

"नाही, गणपतराव फक्त सांगतात. चालतात ते सगळे."

"आन त्यो सांगणारा चुकीचं सांगाय लागला तर?"

"तर ज्याला चूक कळेल तो थांबवेल."

"आन कळून बी कुणीच थांबवलं न्हाय तर?"

मी विचार केला. हे माझ्या टिपणांत कुठं नव्हतं. शेवटी म्हणालो, "तर मग ते चुकीचं नव्हतंच, असं म्हणावं लागेल."

अव्वांनी मान हलवली. म्हणाल्या, "एवढं बास." मग कपबशी खाली ठेवून त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

"ही आठवी खेप हाय माझी. बोचक्यागत हिकडनं तिकडं. मोरी गाभण हाय, धावा म्हयना लागलाय, गेल्या खेपंला नुसत्या हलवाहलवीनं तिनं दूध चोरलंतं. तिचं ऱ्हाऊ द्या. मी आता त्र्याहत्तरची. उद्या महांत्याच्या रानात मेले तर चन्न्या म्हणणार, माझ्याकडं ठणठणीत हुती. चन्न्याच्या रानात मेले तर महांत्या म्हणणार, ह्येनं मारली. मढ्याच्या बी वाटण्या करतील. मला एका जागंला राहून, दोघांची म्हणून मरायचं हाय."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, मी दोघांशी बोलतो. अव्वा हसल्या. म्हणाल्या, "नगं. तुम्ही बोलाय लागला की संध्याकाळ हुती."

पाडव्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता चन्नण्णांच्या रानात माणसं जमली. गुढ्या उभ्या करून, कडुलिंब खाऊन, नवी टोपी घालून सगळे आले होते. पिराजी आणि बाळासो हे दोघं तालमीतले गडी नेहमीप्रमाणं मधल्या जड भागाला गेले. मी दर खेपेला कडेला उभा राहून बघायचो. या खेपेला अव्वा म्हणाल्या, "पावणं, तुम्ही बी घाला खांदा. पुस्तकाला उपेगी पडंल." सगळे हसले, त्यामुळं मला शर्ट काढून आत शिरणं भाग पडलं. मी धरून एकतीस माणसं झालो.

रिवाज असा होता की देणाऱ्यानं पुढच्या टोकाला राहायचं आणि घेणाऱ्यानं मागच्या. म्हणजे चन्नण्णा पुढं, महांतेश मागं. महांतेशला मागंच राहायचं असायचं, कारण भाऊ एखादा वासा काढून ठेवील अशी त्याला चार वर्षं खात्री होती. मी बरोबर मधे होतो.

गणपतराव बाहेर उभे राहून चार हाका द्यायचे. पहिली 'उचला', दुसरी 'चला', मग मधला बांध आला की 'बांऽध', म्हणजे पाय उचलून टाकायचे, आणि नव्या मेढींपाशी पोचलं की 'ठेवा'. पण त्या दिवशी गणपतराव गळ्याला मफलर गुंडाळून आले. एप्रिल लागलेला, ऊन वर आलेलं, आणि हा माणूस मफलर गुंडाळून. त्यांनी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. घसा बसला होता.

"आता हाक कोण देणार?" कुणीतरी विचारलं.

"मी देते की," अव्वा म्हणाल्या. "सपार माझं, म्हस माझी, हाक देयाला काय पंचांची बैठक बोलवायची?"

आम्ही आत शिरलो.

सपाराखाली उभं राहिल्याशिवाय ते कळणार नाही. डोक्यावर धुरकट वासे, मानेवर कचरा, चारी बाजूंनी पाला. दिसतात फक्त स्वतःचे पाय आणि पुढच्याच्या टाचा. अव्वांची हाक आली, "उचला," आणि एकतीस खांदे एकदम वर गेले. मी सहा वर्षं ज्याच्याबद्दल लिहीत होतो ते माझ्या खांद्यावर आलं आणि मी पहिल्यांदा म्हणालो, आई गं.

"चला," अव्वा म्हणाल्या.

दहा-बारा पावलं बरी गेली. मग सपार उजवीकडं कलायला लागलं. पुढून चन्नण्णांचा आवाज आला.

"पावणं, त्याला सांगा, मागनं ढकलू नगं म्हणावं."

मी मान वळवू शकत नव्हतो. तसाच मागं म्हणालो, "महांतेश, अण्णा म्हणतायत ढकलू नकोस."

"त्याला सांगा, मी ढकलत न्हाय. त्योच रेंगाळतोय."

"अण्णा, तो म्हणतोय तो ढकलत नाही."

"रेंगाळतोय म्हणाला ते बी सांगा की," मागून महांतेश म्हणाला.

"ऐकू आलं मला," चन्नण्णा पुढून म्हणाले. "त्याला सांगा, मला ऐकू आलं म्हणून."

एवढं अंतर चोवीस फुटांचं. मधे मी. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं आणि तरी दोघांचंही माझ्यावाचून अडत होतं. माझ्या डाव्या बाजूला पिराजी हसून हसून हलायला लागला. त्याच्यामुळं सपार हललं. मग बाळासोनं त्याला दोन शिव्या दिल्या. शिव्या मात्र त्यानं थेट दिल्या, कुणाच्या मार्फत नाही.

"त्याला सांगा, पाय बरोबर टाक. एक, दोन, एक, दोन," चन्नण्णा म्हणाले.

मी 'एक, दोन' म्हणायला लागलो. मागून महांतेशही म्हणायला लागला, पण 'दोन, एक' असं, म्हणजे भावाचं ऐकलं असं व्हायला नको. पाय मात्र तेच पडत होते. मला ते तेव्हाही जाणवलं, आणि प्रकरणात घेतलं पाहिजे असं वाटलं, पण मानेवरून एक किडा पाठीत उतरत होता.

असं आम्ही चाललो. किती चाललो ते मला सांगता येणार नाही. बाहेर अव्वा अधूनमधून 'हं, हं' म्हणत होत्या, मोरीच्या गळ्यातली घंटा त्यांच्यामागून येत होती. मग माझा पाय कशाला तरी अडखळला. ढेकूळ असावं असं मला वाटलं. मी कसाबसा त्यावर चढलो, आणि त्याच क्षणी अव्वांची हाक आली.

"ठेवा."

एकतीस माणसं एकदम खाली बसली. छप्पर दोन्ही कडांनी जमिनीला टेकलं आणि तंबूसारखं उभं राहिलं. आम्ही दोन्ही टोकांनी रांगत बाहेर आलो. मी कपाळावरचा कचरा झाडला आणि समोर बघितलं. महांतेशच्या सात फुटी मेढी समोर दूर, शंभर फुटांवर उभ्या होत्या. मागं तेवढ्याच अंतरावर चन्नण्णांच्या सहा फुटी. सपार बरोबर मधल्या बांधावर बसलं होतं, अर्धं इकडं आणि अर्धं तिकडं.

आणखी एक गोष्ट झाली होती. चन्नण्णा पुढून बाहेर पडले ते महांतेशच्या रानात, आणि महांतेश मागून बाहेर पडला तो चन्नण्णांच्या. सपार खांद्यावर असताना सोडलं, तर चार वर्षांत दोघांनी एकमेकांच्या रानात पाऊल टाकलं नव्हतं.

"हितं कुणी ठिवलं?" चन्नण्णांनी विचारलं.

मग पिराजी म्हणाला, "म्या न्हाय. म्या आपला सगळ्यांच्या बरोबर बसलो."

"आमी बी," बाळासो म्हणाला.

एकेक करून सगळ्यांनी हेच सांगितलं. सपार कुणीच ठेवलं नव्हतं. ते ठेवलं गेलं होतं. अव्वांनी मोरीचं दावं सोडलं. मोरी टोकाच्या तोंडानं मान खाली घालून आत शिरली, दोनदा हुंगली आणि बरोबर बांधाला पाठ टेकून बसली.

"दमली," अव्वा म्हणाल्या. "धावा म्हयना हाय. आता तिला उठवायची न्हाय."

मला जावई म्हणून आपली जबाबदारी वाटली. मी सगळ्यांना म्हणालो, थोडं थांबून पुन्हा उचलू या. उचलायला कोण कोण तयार आहे?

"सगळे उचलत असतील तर मी हाय," पिराजी म्हणाला.

मी बाळासोकडं गेलो. "मी कवा न्हाय म्हणालो? बाकीच्यांनी खांदा लावला की माझा लागलाच."

मी एकेकाला विचारलं. सगळेच जण तयार होते. अट एवढीच, की बाकीचे तयार असले पाहिजेत. आणि बाकीचे तयार होतेच, याच अटीवर. माझं चौथं प्रकरण याच ठिकाणी दीड वर्ष अडकलं होतं. फरक एवढाच की तिथं मला घाम येत नव्हता. मी महांतेशला विचारलं. तो बांधाकडं बघत म्हणाला, "त्याला विचारा. त्यो उचलणार असंल तर मी काय मागं न्हाय." मी चन्नण्णांना विचारलं. ते म्हणाले, "न्यायचं त्येच्याकडं हाय. त्येला घाई नसंल तर मला कशाला?"

शेवटी गणपतराव म्हणाले, "हुग्गी गार हुतीय. खाऊन घिऊया, मग बघू."

हे ते मोठ्यानं, खणखणीत आवाजात म्हणाले. मफलर कधीच उतरला होता. त्यांनी हुग्गीचे तीन वाढप घेतले आणि तुपासाठी वहिनींना ओसरीवरून हाक मारली ती हायवेपर्यंत गेली असेल. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हळूच विचारलं, "गणपतराव, अव्वांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं?"

"न्हाय बा. अव्वा एका शब्दानं बोलली न्हाय," ते म्हणाले. "सकाळी टोपी घालताना मला आपलं वाटलं, आज घसा बसावा."

गाव करील ते राव काय करील, अशी म्हण आहे. पण गावानं काय केलं हे गावालाच विचारलं, तर गाव म्हणतं आम्ही काहीच केलं नाही. जेवून माणसं उठली, हात धुतले, तंबाखू मळली आणि एकेक जण 'काय लागलं तर सांगा' म्हणत घरी निघून गेला. सपार बांधावर राहिलं.

चार वाजता मी रानाकडं गेलो तर चन्नण्णा आपल्या रानात पहारीनं मेढी उपसत होते. सहा फुटी, चार. त्यांनी त्या मेढी ओढत बांधापाशी आणल्या. पलीकडून महांतेशही चार मेढी घेऊन आला. सात फुटी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. चन्नण्णांनी आपल्या बाजूला चार खड्डे काढले, दीड-दीड फूट. महांतेशनं आपल्या बाजूला काढले. मी बघत होतो. त्याचे खड्डे दीड फुटाच्या खाली गेले तरी तो थांबेना म्हणून मी पुढं गेलो, तेवढ्यात अडीच फुटांवर तो थांबला. सात फुटी मेढ एक फूट जास्त पुरली की ती सहा फुटीच्या बरोबरीला येते. हे गणित चार वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

"पावणं, त्याला सांगा, पहार दे म्हणावं," महांतेश म्हणाला. त्याची पहार दगडाला लागून वाकली होती.

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच चन्नण्णांनी पहार बांधावरून पुढं केली. म्हणाले, "धर."

महांतेशनं धरली. मी उघडलेलं तोंड मिटलं. त्या घरातलं माझं काम तिथं संपलं आणि मला त्याचा फार आनंद झाला. पिराजी, बाळासो आणि आणखी आठ-दहा जण वाटेनं 'सहज' आले. सगळ्यांनी मिळून एक बाजू उचलली, मेढींवर टेकवली, मग दुसरी. मोरी सगळा वेळ आत बसून होती. तिच्या डोक्यावर छप्पर वर गेलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी निघताना मी अव्वांच्या पाया पडायला सपारात गेलो. त्यांची बाज बरोबर बांधावर आडवी टाकलेली होती, डोकं एका मुलाच्या रानात आणि पाय दुसऱ्याच्या. त्यामुळं ती जरा वाकडी होती, पण त्या ऐसपैस बसल्या होत्या.

मी म्हणालो, "अव्वा, एक विचारू? आत कुणाला काही दिसत नव्हतं म्हणून हे साधलं. पण पुढच्या माणसांना दिसलं असतं आणि कुणी 'अजून पुढं' म्हणालं असतं, तर?"

अव्वांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा पुढं माझ्याकडं असं कुणी बघितलं नाही.

"दिसाय कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "शेतकऱ्याच्या पायाला बांध कळत न्हाय व्हय?"

मी तिथंच बाजेच्या कडेला बसलो. मला माझं ढेकूळ आठवलं. अव्वांनी 'बांऽध' अशी हाक दिलीच नव्हती आणि तरी माझ्याशिवाय कुणीही अडखळलं नव्हतं. पुढची पंधरा माणसं पाय उचलून बांध ओलांडून गेली होती. मागच्या पंधरांना माहीत होतं की आपण अजून ओलांडलेला नाही. चन्नण्णांनी बांध ओलांडून भावाच्या रानात पाय ठेवला तेव्हा त्यांना कळलं होतं. महांतेश खाली बसला तेव्हा तो थोरल्याच्या रानात बसतोय हे त्याला कळलं होतं. एकानं जरी 'अजून पुढं' म्हटलं असतं तरी सपार गेलं असतं. कुणी म्हणालं नाही. त्या सपाराखाली एकतीस माणसं होती. तीस जणांना आपण काय करतोय ते माहीत होतं आणि बाकीच्यांना माहीत आहे हेही माहीत होतं. एकतिसावा त्या विषयात पीएच.डी. करत होता.

"मग मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. मला खरंच वाईट वाटलं होतं.

"म्या कुणालाच सांगितलं न्हवतं," अव्वा म्हणाल्या. "सांगावं लागलं असतं असं तुम्ही एकटंच हुता."